रासायनिक आपत्कालीन प्रतिसाद सल्लागार

रासायनिक आपत्कालीन प्रतिसाद सल्लागार म्हणजे घातक रसायनांची गळती, आग, स्फोट किंवा विषबाधा झाली असता अग्निशमन दल, पोलीस, रुग्णालये, कारखाने व वाहतूकदार यांना तातडीने शास्त्रीय सल्ला देणारा तज्ज्ञ होय. हा सल्ला प्रामुख्याने दूरध्वनीवरून दिला जातो. आवश्यकता भासल्यास तज्ज्ञ घटनास्थळीही जातात. सल्ला केंद्रे अहोरात्र चालत असल्याने काम पाळ्यांमध्ये विभागलेले असते.

इतिहास

रस्ते व लोहमार्ग यांवरून होणारी रसायनांची वाहतूक वाढली, तशी अपघातग्रस्त टँकरमध्ये नेमके काय आहे हे जवानांना तत्काळ कळण्याची गरज भासू लागली. अमेरिकेतील रसायन उद्योगाने १९७१ मध्ये 'केमट्रेक' हे केंद्र सुरू केले. ब्रिटनमध्ये १९७३ साली हार्वेल येथे राष्ट्रीय रासायनिक आपत्कालीन केंद्र स्थापन झाले. कॅनडात 'कॅन्युटेक' हे सरकारी केंद्र आहे.

अशा सल्ल्याअभावी काय घडते, हे भोपाळ येथे दिसून आले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. रुग्णालयांत हजारो रुग्ण येत असताना, हा वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, याची निश्चित माहिती डॉक्टरांना वेळेवर मिळाली नाही.

कार्यपद्धती

पहिले काम रसायनाची ओळख पटविण्याचे. व्यापारी नावे फसवी असू शकतात. म्हणून वाहनावरील चार अंकी संयुक्त राष्ट्र क्रमांक विचारला जातो. उदाहरणार्थ, अमोनियाचा क्रमांक १००५, क्लोरीनचा १०१७ आणि पेट्रोलचा १२०३ आहे. त्यानंतर रसायनाचे प्रमाण, टाकीची स्थिती, वाऱ्याची दिशा, जवळची वस्ती, गटारे व जलस्रोत आणि जखमींची लक्षणे यांची माहिती घेतली जाते. फलकावरील 'हॅझकेम' संकेतातील अंक आग विझविण्याचे साधन, तर अक्षर संरक्षक पोशाख आणि रसायन पाण्याने वाहवावे की अडवावे, हे दर्शविते. त्यापुढे 'ई' हे अक्षर असल्यास परिसर रिकामा करण्याचा विचार करावा लागतो.

रसायनाच्या गुणधर्मांनुसार सल्ला बदलतो. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने तो खोलगट भागांत व तळघरांत साचतो. म्हणून लोकांना वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंच जागी नेण्यास सांगितले जाते. गळक्या क्लोरीन सिलिंडरवर पाणी मारल्यास धातू झिजून छिद्र मोठे होते. अमोनिया हवेपेक्षा हलका असला, तरी द्रवरूप अमोनिया गळताच त्याचे थंड धुके जमिनीलगत पसरते. तो पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे फवाऱ्याचा पडदा उभारून धुके आवरता येते. मात्र साचलेल्या द्रवावर पाणी पडल्यास बाष्पीभवन वाढते.

मर्यादा

सल्लागाराला घटनास्थळ प्रत्यक्ष दिसत नाही. सांगणाऱ्याच्या शब्दांवर त्याला विसंबावे लागते. माहिती अपुरी असल्यास तो अधिक धोका गृहीत धरून सल्ला देतो आणि अनिश्चितता स्पष्टपणे सांगतो. अंतिम निर्णय घटनास्थळावरील प्रमुख अधिकाऱ्याचा असतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईतील शिवडी येथे बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला व शंभरहून अधिक लोकांना बाधा झाली. बेवारस मालाच्या बाबतीत ओळख पटविण्याचे काम विशेष कठीण ठरते.

भारतातील व्यवस्था

भोपाळनंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ संमत झाला. त्याखालील १९८९ च्या नियमांनी घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांवर आपत्कालीन आराखड्याचे बंधन घातले, तर १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार स्तरांवर संकट गट निर्माण केले. जिल्हा गटाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार घातक माल नेणाऱ्या वाहनाच्या फलकावर तज्ज्ञ सल्ला मिळू शकेल असा दूरध्वनी क्रमांक लिहिणे बंधनकारक आहे.

पात्रता

या कामासाठी साधारणतः रसायनशास्त्र किंवा रासायनिक अभियांत्रिकीची पदवी अपेक्षित असते. विषशास्त्र, अग्निशमन व संरक्षक साधने यांचे प्रशिक्षण नंतर दिले जाते. गोंधळलेल्या माणसाकडून नेमकी माहिती काढून घेणे आणि त्याला समजेल अशा थोडक्या शब्दांत उत्तर देणे, हे कौशल्य विषयज्ञानाइतकेच महत्त्वाचे मानले जाते.