चांद्याच्या परकोटावरून, पायी

'चांदा ते बांदा' हे शब्द निवडणुकीच्या भाषणापासून हवामानाच्या बातमीपर्यंत महाराष्ट्रात सगळीकडे कानावर पडतात. ते वापरणाऱ्यांपैकी चांदा किती जणांनी पाहिलाय, हे मात्र विचारू नये. १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं, १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तरी आतल्या खेड्यांमधली म्हातारी माणसं अजून 'चांद्याले जातो' असंच म्हणतात. बाहेरचा माणूस इथे येतो तो वाघासाठी. रेल्वेतून उतरला की जिप्सी गाठतो, मोहर्लीच्या गेटमधून ताडोबात शिरतो, आणि दोन सफारी करून आल्या वाटेने परततो. ज्या गावात आपण उतरलो त्याला सुमारे अकरा किलोमीटरचा दगडी परकोट आहे, आणि तो बऱ्याच अंशी उभा आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

याच माणसाला युरोपात पाठवा. तिथे तो इटलीतल्या लुक्काच्या तटावरून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारील. तो तट जेमतेम चार किलोमीटरचा. सात दिवसांत नऊ देश उरकण्याची हौस आता ओसरली. एकाच गावात आठवडाभर राहायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव घ्यायचा, तिथल्यासारखं जगून बघायचं, अशी नवी रीत आली आहे. इटलीतल्या काही गावांनी तर १९९९ मध्ये संथपणाची रीतसर संघटनाच काढली. त्यात वाईट काही नाही. पण गाव हळूहळू पाहण्यासाठी शेंगेनचा व्हिसा लागतोच असं नाही.

चांद्याला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, झरपट नदीच्या अंगाला अंचलेश्वर आणि इरईच्या अंगाला बिनबा. खिडक्या म्हणजे तटातल्या लहान वाटा: चोर, विठोबा, हनुमान, बगड आणि मसण. दरवाजातून राजा, फौज, हत्ती आणि बाजार जायचा. खिडकीतून माणूस जायचा, आपापल्या कामाला. मसण खिडकीतून कुठे जात, हे वेगळं सांगायला नको. म्हणून हे गाव बघायचं तर मी दरवाज्यांपेक्षा खिडक्यांपासून सुरुवात करायला सांगीन.

गाव वसवण्याची कथा इथे पोरांनाही पाठ असते. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा त्वचारोगाने बेजार होता. बल्लारपूरहून शिकारीला निघाला असता झरपटेच्या पात्रातल्या एका झऱ्याचं पाणी त्याने प्यायलं, हातपाय धुतले आणि व्याधी उतरली. तिथेच अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे एके दिवशी कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्यामागे लागलेला दिसला. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेवर राणीच्या सांगण्यावरून तटाची आखणी झाली. कथा ती कथा. पण तटावरून चालू लागलं की तिचं मर्म वेगळंच जाणवतं: ससा दोन नद्यांचा अंदाज घेऊनच पळालेला दिसतो. एका बाजूला इरई, दुसऱ्या बाजूला झरपट, दक्षिणेला दोघींचा संगम, आणि मधल्या उंचवट्यावर गाव. शत्रूइतकाच पुराचाही विचार या आखणीत असावा, असं मला वाटतं. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदी फुगली, इरईचं पाणी पुढे सरकेना, आणि ते उलटं फिरून रहमतनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं. त्या वस्त्या परकोटाबाहेरच्या आहेत. जागेची टंचाई, कोळसा आणि वीजकेंद्राबरोबर वाढलेली लोकसंख्या यांनी गाव तटाबाहेर नेलं. पूर कुठवर येतो हे मात्र जुन्या दगडाला ठाऊक होतं.

जटपुरा गेट सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि कुणीच नीट पाहिलेलं नसतं. शहराची निम्मी वर्दळ त्या कमानीतून जाते. तिथे थांबून मान वर करणाऱ्याला मागचा ऑटोवाला दोन शब्द सुनावतो. तरी थांबावं, रस्त्याच्या कडेला. कमानीच्या दोन्ही अंगांना गोंडांचं राजचिन्ह कोरलंय: हत्तीला नमवणारा सिंह. हत्ती अगदी लहान, सिंहाच्या पंजाखाली आलेला. सिंहाचा चेहरा मात्र क्रूर नाही. डोळे वाटोळे, तोंड थोडं उघडं, एखाद्या खोडकर मुलासारखा. ज्या रानात खरा वाघ आणि त्या काळी खरा हत्तीही होता, तिथल्या पाथरवटाने न पाहिलेल्या सिंहाला असं रूप द्यावं, याची मला गंमत वाटते. खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लागलेले असतात. त्यांवरच्या चेहऱ्यांपेक्षा सिंह जास्त प्रसन्न दिसतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी तटावर चढून चालणं अशक्य होतं. झुडपं माजली होती, कचरा साचला होता, बुरुजांचा उपयोग नको त्या कामांना होत होता. मार्च २०१७ मध्ये बंडू धोतरे यांच्या 'इको-प्रो' संस्थेची तरुण मुलं रोज सकाळी फावडी-कुदळी घेऊन तटावर जाऊ लागली. दोनशेहून जास्त दिवस हे चाललं, तेव्हा ऑक्टोबर २०१७च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला आणि चांद्याचा परकोट एकदम देशाला माहीत झाला. काम पुढेही सुरू राहिलं. त्यातूनच 'हेरिटेज वॉक' निघाला. अहमदाबादेत अशी पायी फेरी १९९७ पासून चालते, आणि २०१७ मध्ये त्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्याकडे आधी झाडू, मग फेरी.

तटाची खरी डोकेदुखी पिंपळ. बी सांध्यात पडतं, मूळ चुन्यात शिरतं. नुसतं छाटलं तर पावसाळ्यात पुन्हा फुटतं. मुळासकट ओढलं तर दगडच सोबत येतो. म्हणून हे काम उत्साहाने एकदा उरकण्यासारखं नाही, दर वर्षी करत राहण्याचं आहे. वरून चालताना डावीकडे घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, कुरड्या. उजवीकडे नदीचं पात्र. मधली पायवाट चांगली रुंद. कठड्यातल्या जंग्यांमधून वारा येतो. मे महिन्यात मात्र हे धाडस करू नये. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि दगड संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो. दिवाळीनंतर यावं, सकाळी सहाला निघावं, आणि नऊला गांधी चौकाच्या बाजूला उतरून तर्री-पोहे खावेत.

अंचलेश्वर दरवाज्याशी गोंडराजांच्या समाध्या आहेत. सर्वांत मोठी बीरशहाची. ती त्याची राणी हिराई हिने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधली. राजाच्या खुनानंतर दत्तक रामशहाच्या नावाने कारभार तिनेच सांभाळला, आणि महाकालीच्या आजच्या देवळाचं श्रेयही तिलाच जातं. 'विदर्भाचा ताजमहाल' हे समाधीचं वर्णन मला रुचत नाही. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली आणि राज्य चालवता चालवता पुरी केलेली वास्तू आपल्या पायावर उभी राहू शकते. इथून कारागृह फार लांब नाही. गोंडांच्या जुन्या राजवाड्याच्या जागी इंग्रजांनी तुरुंग केला. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तिथे फाशी दिलं गेलं. गडचिरोलीकडून दरवर्षी लोक त्या दिवशी येतात. त्याआधी पाचच दिवस, १६ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर गर्दी असते. १९५६ मध्ये नागपूरनंतर बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली होती. ऑक्टोबरात आलात तर हे गाव कुणाकुणाचं आहे हे आपोआप कळतं.

तटाबाहेर लालपेठेला प्रचंड शिळामूर्ती उघड्यावर आडव्या पडलेल्या आहेत. शिवालय उभारायला निघालेल्या रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याचं काम अर्धवट राहिलं, असं सांगतात. त्यांतली दहा तोंडांची दुर्गा पंचवीसेक फूट लांब आहे. लोक तिला रावण समजत आले.

आता राहिले ते या गावाचे सर्वांत जुने संथ प्रवासी. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून हजारो माणसं येतात. ती एका दिवसात परतत नाहीत. झरपटेत अंघोळ करतात, काठावर चुली मांडतात, झाडाखाली झोपतात, अंचलेश्वराला जातात, बाजारात बांगड्या भरतात. पिढ्यान् पिढ्या येणाऱ्या कुटुंबांची मुक्कामाची ठिकाणं ठरलेली असतात. वाटा त्यांना कुणाला विचाराव्या लागत नाहीत. पर्यटनाच्या आराखड्यांत मात्र पर्यटक म्हणजे जिप्सीतला माणूस. इतक्या लोकांना अंघोळीपुरतं स्वच्छ पाणी झरपटेला चैत्रात राहत नाही, काठावर सावली कमी आणि शौचालयं तात्पुरती. परकोटावर माहितीफलक लावायला पैसा असेल, तर तो आधी या काठावर खर्च करावा, असं मी म्हणेन. फलक पुढच्या वर्षी लावले तरी चालतील.