परमुलखातील सायकलवाटा : समज आणि वस्तुस्थिती

बिलोलीच्या शिवारात मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर मांजरेच्या दिशेने जाणाऱ्या काळ्या रानातील गाडवाटेवर ज्याने एकदा सायकल घातली आहे, त्याला वाटेचा स्वभाव निराळा समजावून सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. शंभर पावले जात नाहीत तोच चिकण माती चाकाला वेढते, चाक आणि चिमटा यांच्यामधली फट बुजते, चाक फिरायचे थांबून नुसते घसरत राहते, आणि मग बांधावर बसून तुराटीच्या तुकड्याने ती माती खरवडण्यात अर्धी सकाळ खर्ची पडते. या भागातून नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने परदेशी जाऊन तेथे माउंटन बाइक घेणाऱ्या आपल्या तरुणांच्या मनात वाटांविषयी जे गैरसमज आढळतात, त्यांचे निरसन बरेचसे या गाडवाटेवरच होण्याजोगे आहे, अशी माझी धारणा आहे.

डोंगर नाही तेथे डोंगरी सायकलीची वाटही नाही, हा सर्वांत रूढ समज. नेदरलँड्सच्या युरोपातील भूमीचा सर्वोच्च बिंदू, फाल्सरबर्ख, समुद्रसपाटीपासून अवघा ३२२ मीटर उंच आहे. तथापि तेथील वनांतून आणि वालुकामय टेकाडांतून खास माउंटन बाइकसाठी आखलेल्या, जागोजागी खुणेच्या पाट्या लावलेल्या अनेक वाटा आहेत. वाटेची गोडी उंचीत नसते. ती वळणांत, मातीच्या पोतात आणि लहान लहान चढउतारांच्या लयीत असते.

याहून घातक समज असा, की जी पायवाट मोकळी दिसते, जिला कुंपण वा फाटक नाही, ती सायकलीलाही खुली असणार. इंग्लंडमध्ये ‘फुटपाथ’ म्हणून दप्तरी नोंद असलेल्या रानवाटेवर सार्वजनिक हक्क आहे तो केवळ पायी जाणाऱ्याचा. घोडेस्वारांची जी ‘ब्रायडलवे’ नावाची वाट, ती मात्र १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना खुली झाली, तीही पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या शर्तीवर. हद्द ओलांडून स्कॉटलंडात शिरावे, तर २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्यास बहुतेक मोकळ्या जमिनीवरून सायकलने जाण्याची मुभा दिलेली. अमेरिकेत ‘वाइल्डरनेस’ म्हणून घोषित झालेल्या संघीय क्षेत्रांत सायकलीला सक्त मनाई आहे. इतकेच नव्हे, तर १९७० च्या दशकात ज्या कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर या सायकलीचा जन्म झाला, त्याच डोंगरावरील बहुतेक अरुंद पायवाटा सायकलस्वारांना दीर्घकाळ बंद राहिल्या आहेत. आपल्या माणसाला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावनकाशातही गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवितात, आणि अडवलेल्या वहिवाटीचे दावे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये आजही तहसीलदारापुढे चालतात. ज्यांच्या आजोबांनी घराचा उंबरा न सोडता १९४८ साली निजामाचा अंमल संपताना, १९५६ साली मुंबई राज्यात जाताना आणि १९६० साली महाराष्ट्र होताना तीनदा सरकार बदललेले पाहिले, त्यांनी तरी नव्या मुलखात पाऊल टाकताच आधी तेथले दप्तर पाहावे.

वाटेच्या काठिण्याचे रंग सर्वत्र सारखेच असतात, असेही कित्येकांना वाटते. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल आणि काळा अशी चढती श्रेणी आहे. उत्तर अमेरिकेत मधला लाल रंगच नाही, निळ्यापुढे थेट काळा. न्यूझीलंडात रंगांच्या जोडीला एक ते सहा असे अंक आहेत. पहिल्या रविवारी आपल्या कुवतीपेक्षा एक पायरी खालची वाट धरावी, हे श्रेयस्कर.

मोबाइलच्या नकाशावर जेथे स्वारांच्या रेषा दाट, तेथेच चांगली वाट, हा समज अलीकडचा. त्या न्यायाने आमच्या शिवारात वाटच नाही असे म्हणावे लागेल. वस्तुतः येथल्या गाडवाटांवरून बैलगाड्या पिढ्यानपिढ्या गेल्या, फक्त त्यांची नोंद कोणा यंत्राने घेतली नाही. शिवाय रेषेवरून वाट आज कोरडी की ओली हे उमगत नाही, आणि पावसानंतर ओल्या वाटेवर चाक घातले तर पडलेली चाकोरी वाळून घट्ट होते, म्हणून अनेक ठिकाणी त्या दिवसांत वाटा बंद ठेवतात. ही खबर मिळते ती सायकल दुरुस्त करणाऱ्या दुकानात आणि वाटांची निगा राखणाऱ्या स्थानिक मंडळींकडे. कित्येक ठिकाणी हे लोक सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन स्वखुशीने वाटा दुरुस्त करतात; नवख्याने सायकल घरी ठेवून एखादा दिवस त्यांच्याबरोबर माती ओढावी. नकाशावर न आलेल्या वाटा अशाच वेळी कोणीतरी हाताने दाखवितो.

राहता राहिला काट्यांचा प्रश्न. परदेशी वाटा निष्कंटक असतात, या भरवशावर पंक्चरचे सामान येथेच ठेवून जाणारे मी पाहिले आहेत. आपल्या बांधावर पिवळ्या फुलांचा, जमिनीसरपट पसरणारा जो सराटा अनवाणी पायात रुततो, नेमकी तीच वनस्पती अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात पसरली असून तेथे तिच्या काट्याला बोकडाच्या डोक्यावरून ‘गोटहेड’ म्हणतात. आयडाहो राज्यातील बॉइझी शहरातले सायकलप्रेमी दर उन्हाळ्यात हा सराटा मुळासकट उपटून पोती भरभरून जमा करतात, आणि बिलोलीत खुरपे हाती धरलेल्या माणसाला ते काम करण्यासाठी कोणाची शिकवणी लागणार नाही.