वाट्याला दोन सूर

हँडबेल वाजवणाऱ्या मुलाच्या वाट्याला बहुधा दोनच सूर येतात: डाव्या हातात एक घंटा, उजव्या हातात दुसरी. कोमल-तीव्र सुरांच्या जादा घंटा धरून तीन सप्तकांच्या संचात ३७ घंटा असतात आणि त्या अकरा-बारा जणांत वाटल्या जातात. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या शाळेत संगीताच्या बाईंना मदतीला म्हणून मी या वर्गाला जाते. पेटी शिकताना अख्खं गाणं माझ्या बोटांखाली असायचं. इथे ते कुणा एकाच्या हातात नसतंच.

घंटा काशाची, म्हणजे तांबं आणि कथील. आपल्या देव्हाऱ्यातल्या घंटेचा लोलक हवा तसा झुलतो. हिचा फक्त पुढे-मागे हलतो आणि स्प्रिंगमुळे एकच टोला देऊन मागे येतो. म्हणून टोला नेमका मात्रेवर पाडता येतो. सूर थांबवायचा तर घंटेची कड खांद्याला टेकवायची. नव्या मुलांना वाजवायची घाई असते, थांबवायचं भान नसतं. मग सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो. घामाने कासं डागाळतं म्हणून हातमोजे घालायचे. मुलांना त्यांचं फार अप्रूप!

इंग्लंडात चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवणारे लोक सरावासाठी या छोट्या घंटा वापरत. मनोऱ्यावर न जाता, गावाला त्रास न देता तालीम व्हायची. बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ यांनी १९०२ साली लंडनहून असा संच आणला. पुढे १९५४ साली अमेरिकेत देशव्यापी संघटना उभी राहिली, त्यातही त्यांचाच पुढाकार होता.

स्वरलिपीच्या कागदावर मुलं आपापल्या सुरांभोवती रंगीत पेन्सिलीने गोल करतात. सुरुवातीला हे ठीक, पण माझ्या मते ते गोल लवकर खोडायला लावावेत. सहावीतल्या एका मुलाचा टोला सारखा मागे पडायचा. तो मला म्हणाला, "काकू, माझा सूर आला की मी लगेच वाजवतो, तरी बाई म्हणतात उशीर झाला."

त्याचं म्हणणं खरंच होतं. पण हात छातीपासून पुढे जाऊन टोला पडेपर्यंत वेळ जातो. आपला सूर दिसल्यावर हात उचलला, तर उशीर ठरलेलाच. मी त्याला म्हटलं, "आधी सगळ्यांचं गाणं गुणगुण, मग तुझी जागा आपोआप कळेल."

बाईंनी मग सगळ्यांनाच घंटा खाली ठेवून आधी गायला लावलं. पुढच्या तालमींत त्याचे टोले जागेवर पडू लागले. इतकंच नव्हे, शेजारची मुलगी तापाने घरी राहिली त्या दिवशी त्याने तिची एक घंटाही सांभाळली. ती नेमकी कुठे येते, हे त्याला न बघता ठाऊक होतं.