कूतच्या वेढ्यातील मराठा पलटणी

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (सध्याचा इराक) कूत-अल्-अमारा या तैग्रिस नदीकाठच्या गावी तुर्की सैन्याने ब्रिटिश हिंदी सेनेला सु. पाच महिने (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) कोंडून धरले. कोंडलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. लष्करी इतिहासात हा वेढा सेनापती चार्ल्स टाउनशेंड याच्या शरणागतीमुळे गाजला. शिपायांच्या जीवनाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व निराळे आहे.

या पलटणींत मुख्यतः कोकणी व देशावरील मराठ्यांची आणि थोड्या प्रमाणात दख्खनी मुसलमानांची भरती होत असे. शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. रत्नागिरी, सातारा यांसारख्या जिल्ह्यांतील अपुरी शेती व घराण्यातील नोकरीची परंपरा ही भरतीची प्रमुख कारणे. पूर्वी सैन्यात नावाजलेल्या महार समाजाला या काळात भरतीची दारे बंद होती. १११ वी महार पलटण उभारली गेली ती १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली.

डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली व ६ नोव्हेंबर रोजी फाओ येथे उतरली. ११७ वी पलटण या ब्रिगेडमध्ये होती. एप्रिल १९१५ मधील शैबाच्या लढाईत ११० व ११७ या पलटणींनी भाग घेतला. त्यानंतर नदीच्या कडेने बगदादच्या रोखाने चढाई झाली. परंतु टेसिफॉन येथील लढाईत (२२–२४ नोव्हेंबर १९१५) साडेचार हजारांच्या आसपास माणसे मृत वा जखमी झाली आणि थकलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला कूतला परतली. गावाच्या तीन बाजूंना नदी व चौथ्या बाजूस तुर्की खंदक अशी ही जागा होती. तिचा बचाव करणे सोपे होते. तीतून बाहेर पडणे तितकेच अवघड.

वेढ्यातील शिपायाचा दिवस खंदक खणणे, पहारा व वाट पाहणे यांत जाई. हिवाळ्यात पाऊस व चिखल, तर मार्चनंतर पुराचे पाणी खंदकांत शिरे. पाणी नदीवरून आणावे लागे व तेथे शत्रूचे नेमबाज टपलेले असत. त्यामुळे भिस्त्याचे काम लढणाऱ्याच्या कामापेक्षा कमी धोक्याचे नव्हते. युद्धवृत्तांतांत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

खरा प्रश्न अन्नाचा होता. जानेवारीअखेरीपासून घोडे व खेचरे मारून मांस वाटण्यास प्रारंभ झाला. ब्रिटिश सैनिकांनी ते स्वीकारले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी नाकारले. मराठा शिपाई बकऱ्याचे मांस खात असे, पण घोड्याचे मांस खाल्ल्याचे गावी कळल्यास जातीत व सोयरिकीत अडचण येईल ही भीती त्यास वाटे. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागविण्यात आल्या, तरीही फारसा फरक पडला नाही. उपासमार असह्य झाल्यावर एप्रिलच्या मध्यास हजारो हिंदी शिपाई हे मांस खाऊ लागले. तोवर अनेकांची शक्ती संपली होती. या नकारास केवळ हट्ट वा अज्ञान म्हणणे योग्य नव्हे. शिपायाला परत ज्या घरी जायचे होते, त्या घराचा विचार त्यामागे होता.

आहारातील या भेदाचा परिणाम रोगांतही दिसला. मांस व भाजी यांच्या अभावी हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. पांढऱ्या मैद्याच्या पावावर राहणाऱ्या ब्रिटिशांना बेरीबेरी झाली व त्यांना कोंड्यासह दळलेले पीठ मिळू लागल्यावर ती ओसरली. जीवनसत्त्वांच्या अभ्यासात कूतचे हे उदाहरण पुढे अनेकदा दिले गेले. हिरव्या पाल्यासाठी शिपाई रानभाज्या गोळा करीत. धान्य होते, पण दळण्याची सोय अपुरी होती. म्हणून विमानातून जात्याचा दगडही खाली टाकण्यात आला. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी पिठाच्या गोण्या टाकल्या, परंतु त्या गरजेच्या मानाने नगण्य होत्या. सुटकेसाठी आलेल्या फौजेची हानी सु. २३,००० पर्यंत गेली व अखेर २९ एप्रिल रोजी सु. १३,००० लोक शरण गेले. त्यांत ऑस्ट्रेलियन वैमानिक तुकडीतील काही यंत्रकारही होते.

त्यानंतर उन्हात बगदाद व मोसूलमार्गे पायपीट आणि रास-अल्-ऐन येथील रेल्वेमार्गावरील मजुरी बंदिवानांच्या वाट्यास आली. आजार, उपासमार व मारहाण यांमुळे ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक बंदिवासात मृत्यू पावले. हिंदी मृतांची संख्याही हजारोंत जाते. ११७ व्या पलटणीस १९२१ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली आणि १९२२ मध्ये मराठा पलटणी एकत्र करून बेळगाव केंद्र असलेली एक रेजिमेंट बनविण्यात आली.

याच युद्धातील ऑस्ट्रेलियन शिपायांच्या दैनंदिन्या व पत्रे मोठ्या प्रमाणावर जतन झाली आहेत. बहुधा निरक्षर असलेल्या मराठा शिपायाच्या हातचे असे लेखन अत्यल्प आहे. कूतविषयी जे लिहिले गेले, ते प्रामुख्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. बसरा येथील स्मारकावर (१९२९) ब्रिटिश मृतांची नावे कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. मात्र हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीखाली केवळ संख्या नोंदविली गेली. हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यालगत वाळवंटात पुन्हा उभारण्यात आले. कोकणातील व देशावरील कित्येक गावांत, चावडीच्या वा शाळेच्या भिंतीवर, या गावातून इतके लोक महायुद्धात गेले व त्यांपैकी इतके मृत झाले असे सांगणारी छोटी संगमरवरी पाटी अद्याप आढळते. नावे तीवरही नाहीत.