पट्टा आहे, माणूस नाही

रस्त्यावर जन्मलेला कुत्रा आणि रस्त्यावर आणून सोडलेला कुत्रा लांबूनही ओळखू येतो. गल्लीतल्या कुत्र्याला आपली हद्द ठाऊक असते. कुठल्या टपरीवर पाव मिळतो, दुपारी कुठल्या गाडीखाली सावली असते, कुठल्या फाटकातून काठी येते, सगळं त्याला पाठ असतं. घरातून टाकलेल्याला यातलं काहीच येत नाही. हॉर्न वाजला की तो बाजूला व्हायचं सोडून रस्त्याच्या मधोमध बसतो. आणि जिथे सोडलं तिथून हलत नाही, कारण आपल्याला न्यायला येणारच अशी त्याची खात्री असते.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते, बालवाडीत शिकवते आणि उरलेल्या वेळात अशा कुत्र्यांना उचलून आणते, औषधपाणी करते, घर शोधून देते. टाकण्याची कारणं आता तोंडपाठ झाली आहेत. बदली झाली, घरमालक ऐकत नाही, घरात बाळ येणार आहे, केस फार गळतात, म्हातारा झाला. सैबेरियाच्या थंडीसाठी अंगावर दुहेरी केस घेऊन जन्मलेला हस्की हौसेने दोन खोल्यांत आणतात आणि एप्रिलमध्ये तो धापा टाकायला लागला की नकोसा होतो.

राणीची गोष्ट सांगते, कारण तिच्यात मला सगळं दिसलं. खडकवासल्याकडे जाताना एका चहाच्या टपरीपाशी ही लॅब्रॅडॉर मादी बसून होती. आचळं लोंबलेली, म्हणजे पिल्लं विकण्यासाठी पुन्हा पुन्हा व्यायला लावलेली. कानांत गोचिडांचे घोस. पांढरी गाडी थांबली की धडपडत उठायची, आत वाकून बघायची आणि परत येऊन बसायची. टपरीवाले मामा तिला दूध-भाकरी ठेवायचे, पण ते पाठ फिरवून स्टोव्हकडे वळेपर्यंत ती तोंड लावत नसे. मामांनी हे ओळखलं आणि रोज भांडं ठेवून पाठ करून उभे राहू लागले. राणी हे नावही त्यांचंच. मला म्हणाले, ‘‘ताई, घाई करू नका. तिला माणसाची भीती नाही, हाताची आहे.’’

मी दोरी आणि जाळी गाडीतच ठेवली. घाबरलेल्या कुत्र्याकडे सरळ चालत जाऊ नये, डोळ्यांत रोखून पाहू नये, डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नये. अंग एका बाजूला वळवून खाली बसावं आणि त्याला वास घेऊ द्यावा. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तिथे नुसती बसायचे, मुलांच्या वह्या तपासत. एका संध्याकाळी ती आली ती माझ्याकडे नाही, मामांकडे. आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. पट्टा मामांनीच घातला.

तिला गोचीडताप होता. या आजारात रक्तातल्या प्लेटलेट घटतात, नाकातून रक्तही येऊ शकतं. गोळ्या काही आठवडे न चुकता द्याव्या लागतात. उपाशी जनावराला मायेपोटी एकदम भरपेट घालणं हाही घात असतो, त्याने शरीरातल्या क्षारांचा तोल ढासळतो. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा द्यायचं. औषधं डॉक्टरांची, पण ती घेताना तोंडात हात घालू देण्याइतका विश्वास मामांनी कमावून ठेवला होता. माझ्या मते अर्धा उपचार तोच. राणी आता साताऱ्याला एका निवृत्त जोडप्याकडे आहे आणि समोर बसलेल्या माणसाच्या देखत जेवते.

तिला सोडणारा सापडला नाही. सापडला असता तरी काय? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार, उपासमार किंवा तहान नशिबी येईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. राणीच्या एका रक्ततपासणीला याच्या कितीतरी पट पैसे लागले. ही रक्कम बदललीच पाहिजे.

एक मात्र आवर्जून सांगते. दिसेल तो कुत्रा उचलायचा नसतो. एका कानाचं टोक कापलेलं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली असते. 2023 च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याला मूळ जागीच परत सोडायचं असतं. धडधाकट असेल तर त्याला तिथेच राहू द्यावं. आणि या कामात दयेइतकीच खबरदारी हवी. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. नेहमी हे काम करणाऱ्यांनी लस आधीच घेऊन ठेवावी.

घरचा कुत्रा सांभाळणं खरंच अशक्य झालं असेल, तर महिनाभर आधी बोला. आपल्या पशुवैद्यांना सांगा, नातेवाइकांना विचारा, दत्तक देणाऱ्या संस्थेला फोन करा. त्याचं लसीचं कार्ड, त्याची चादर, त्याचं जेवणाचं भांडं सोबत द्या आणि नव्या घरी स्वतः पोचवायला जा. त्याला गाडीतून उतरवून दार लावून घेऊ नका.