स्कूटरच्या हँडलची पकड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या उन्हाळ्यात माझा अकरा वर्षांचा भाचा नागपूरहून एकोडीला सुट्टीसाठी आला. येताना त्याने त्याची स्टंट स्कूटर आणली होती. पेट्रोलवर चालणारी नव्हे, तर एका पायाने जमीन मागे ढकलत पळवायची, दोन लहान चाकांची, उभ्या हँडलची गाडी. साकोली तालुक्यातलं आमचं गाव धानाचं. पण गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते झाल्यापासून अशा गाडीला पळायला जागा मिळाली आहे. दोन दिवसांत गल्लीतली पोरं तिच्याभोवती जमली.

तिसऱ्या दिवशी हँडल सैल झालं. हँडल जिथे खालच्या चिमट्यावर बसतं, तिथल्या क्लॅम्पच्या एका बोल्टचे आटे गेले होते. मी मोबाइलवर चित्रं पाहून तीन बोल्टचा, जाडजूड, चकचकीत क्लॅम्प मागवला. तो आला आणि नळीवर ढिला पडला. मग पावडरच्या डब्याचा पत्रा कापला, त्याचे वेढे नळीवर दिले, वरून क्लॅम्प चढवला आणि बोल्ट जीव लावून आवळले. पोरगा ओट्यावरून खाली उडी मारायला गेला, तर हँडल हवेतच फिरलं. हनुवटीला दोन टाके पडले. चूक त्याची नव्हती, माझी होती.

गावातल्या सायकलवाल्याने क्लॅम्प हातात घेतला आणि म्हणाला, “बोल्ट त पक्का हाये भाऊ, पन नळी कुठी पकडली हाये?” त्या एका प्रश्नात सगळं शास्त्र आलं. तेच आज सांगायचं आहे.

क्लॅम्प म्हणजे एका बाजूला चीर असलेलं धातूचं कडं, बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं. बोल्ट आवळले की चीर मिटत जाते, कडं आक्रसतं आणि आतल्या नळीला चहूबाजूंनी दाबतं. त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं, तेच हँडलला धरून ठेवतं. पण चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या, की पुढचा सगळा जोर त्या कडांवरच जातो. पाना घट्ट लागतो, नळीवरचा दाब मात्र वाढत नाही. माझ्या क्लॅम्पचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून पहिली खूण लक्षात ठेवा: बोल्ट पूर्ण आवळल्यावरही चीर थोडी उघडी दिसली पाहिजे.

आता मापाकडे वळू. या गाड्यांत तीन मापं पुन्हा पुन्हा भेटतात. चिमट्याची उभी नळी बहुधा २८.६ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी. साधं हँडल बाहेरून ३१.८ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. आणि मोठ्या मापाचं हँडल ३४.९ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचावर एक सूत. क्लॅम्प घ्यायचा तो हँडलच्या बाहेरच्या मापाचा. घरी व्हर्निअर नसतो, पण कागदाची पट्टी असते. हँडलच्या खालच्या टोकाशी ती घट्ट गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे खूण करा आणि कंपासपेटीतल्या पट्टीने मोजा. घेर १० सेंटिमीटर आला तर हँडल साधं, ११ आला तर मोठं. एक सेंटिमीटरचा फरक डोळ्यांतून सुटत नाही. हे मी आधी केलं असतं, तर टाके पडले नसते.

मोठ्या क्लॅम्पमध्ये साधं हँडल बसवायचंच असेल, तर त्यासाठी मापात घडवलेली गोल बाही मिळते. ती नळीला सगळीकडून सारखी टेकते. डब्याच्या पत्र्याचे वेढे एका ठिकाणी टेकतात आणि दुसऱ्या ठिकाणी पोकळ राहतात.

दुसरी गोष्ट पाहायची ती हँडलच्या खालच्या टोकाची. तिथे उभी चीर असेल, तर साधा क्लॅम्प चालतो. त्या चिरेमुळेच नळी आक्रसून आतल्या भागाला धरते. चीर नसलेल्या हँडलवर असा क्लॅम्प लावला, तर नळी आक्रसतच नाही. त्यासाठी एससीएस नावाचा उंच क्लॅम्प असतो. त्याचा वरचा अर्धा भाग हँडलला धरतो आणि खालचा अर्धा चिमट्याला. दुकानदाराला माप सांगताना हँडलला चीर आहे की नाही, हेही सांगा.

बोल्ट किती असावेत? शिकणाऱ्या मुलाला दोन बोल्टचा नीट बसलेला क्लॅम्प पुरतो. बोल्ट जास्त असले की दाब अधिक उंचीवर वाटला जातो, पण चुकीच्या मापाच्या क्लॅम्पला चार बोल्टही वाचवत नाहीत. आपल्याकडे एक मोह हमखास होतो. सायकलच्या सीटखालचा क्लॅम्पही ३१.८ आणि ३४.९ मापांत मिळतो आणि तो हँडलवर बसतोही. पण त्याचा बोल्ट एकच आणि कडं अरुंद. सीटवर भार वरून येतो. इथे हँडल पिळलं जातं, उडीनंतर हिसका बसतो. तो क्लॅम्प स्कूटरला लावू नये.

बसवताना क्रम महत्त्वाचा. नळी आणि क्लॅम्पची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा. तेल किंवा ग्रीस लावायचं ते बोल्टच्या आट्यांना, नळीला नाही. नळीला लागलेलं तेल घर्षणच घालवतं. हँडल तळापर्यंत टेकलं आहे ना, ते पाहा. क्लॅम्प सैल असतानाच आधी बेअरिंगला ताण देणारा बोल्ट आवळा. चिमटा खडखडता कामा नये, पण वळताना अडकताही कामा नये. क्लॅम्प आधी आवळला, तर हा ताण बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर हँडल पुढच्या चाकाच्या रेषेत आणा. क्लॅम्पचे बोल्ट प्रथम बोटांनी चार-पाच आटे आत जाऊ द्या; वाकडा गेलेला बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे आटे खातो. मग अ‍ॅलन चावीने पाव-पाव फेरा, आलटून पालटून सगळे आवळा. एकच बोल्ट शेवटपर्यंत आवळला, तर कडं तिरकं बसतं. चावीला पाइप लावून जोर काढू नका.

शेवटी परीक्षा. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल दोन्ही बाजूंना जोरात पिळा. ते चाकाला सोडून तसूभरही फिरता कामा नये. मग गाडी वीतभर उचलून जमिनीवर सोडा. खडखड आली तर बेअरिंगचा ताण पुन्हा पाहा. पहिल्या अर्ध्या तासाच्या खेळानंतर बोल्ट एकदा परत तपासा, कारण नवे भाग बसताना थोडे सैल होतात. आणि मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असू द्या, क्लॅम्प कितीही चांगला असला तरी.

भाच्याची जखम आठवड्यात भरली. सायकलवाल्याने योग्य मापाचा क्लॅम्प मागवून घेतला आणि पोरालाच चावी हातात देऊन तो लावायला शिकवलं. आता तो खेळायला निघण्यापूर्वी स्वतःच चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहतो. मला मात्र तो अजून गाडीला हात लावू देत नाही.