लेखांक ७ : हिरव्या रेषेतला ऑक्सिजन

लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये नवे तारे घडायला पुरेसा थंड वायू बहुधा उरलेला नसतो. तारे म्हातारे, आणि इतके दूर की एकेकट्याचा वर्णपट घेणे दुरापास्त. सगळ्यांचा एकत्रित प्रकाश तपासावा, तर वय आणि रासायनिक घटक यांचा गुंता होतो. ही कोंडी ग्रहसदृश तेजोमेघांमुळे फुटते. (ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही; जुन्या दुर्बिणींतून ते वाटोळ्या बिंबासारखे दिसत, एवढेच.) सूर्याच्या जातकुळीचा तारा अखेरीस बाहेरचे थर झुगारतो आणि उघडा पडलेला तप्त गाभा त्या वायूला उजळवतो. गाभ्याच्या तेजाचा दहावा हिस्सा, कधी थोडा जास्तच, ५००.७ नॅनोमीटरच्या एकाच हिरव्या रेषेतून बाहेर पडू शकतो. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, म्हणजे त्याच्या आयनाची. तेवढाच रंग आत सोडणारा फिल्टर लावला, की ताऱ्यांच्या धुक्यातून हे ठिपके उठून दिसतात.

रेषा प्रखर म्हणजे ऑक्सिजन भरपूर, असे मात्र नाही. वायू गरम असला तरी ती प्रखर होते. म्हणून आधी तापमान हवे, आणि ते कळते त्याच आयनाच्या ४३६.३ नॅनोमीटरच्या रेषेवरून. ती हिरवीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. मोजणीची खरी गोम इथेच. शिवाय आकाशात पसरणाऱ्या पाऱ्याच्या दिव्यांच्या उजेडातली ४३५.८ ची रेषा तिला जवळजवळ खेटूनच येते. तापमान मिळाले की हिरवी रेषा हायड्रोजनच्या ४८६.१ च्या रेषेशी ताडून पाहतात आणि ऑक्सिजनच्या न दिसणाऱ्या अवस्थांचा हिशेब त्यात मिळवतात. ऑक्सिजनच का? हलका तारा तो फारसा घडवत नाही किंवा संपवत नाही. जन्मवेळचे प्रमाण जवळपास टिकते. नायट्रोजन आणि हेलियम मात्र ताऱ्याच्याच भट्टीत बदलतात.

नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी ५१२८ ही अशा दीर्घिकांपैकी जवळची, तरीही सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर. पारनेर तालुक्यातल्या सुप्याहून ती एप्रिलच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर येते. औद्योगिक वसाहतीच्या उजेडापासून दूर गेल्यास द्विनेत्रीतून पुसट डाग दिसावा. ती सेकंदाला साधारण ५४० किलोमीटर वेगाने दूर जात असल्याने तिची ४३६.३ ची रेषा ४३७.१ कडे सरकते आणि पाऱ्याच्या रेषेपासून सुटते.

आयुका या खगोलसंस्थेची गिरवलीची दुर्बीण दोन मीटर व्यासाची आहे. आपल्या आकाशगंगेतल्या तेजस्वी तेजोमेघांना ती पुरते, पण एनजीसी ५१२८ मधल्या तेजोमेघांसाठी तोकडी पडते. चिलीतल्या एका दुर्बिणीच्या ८.२ मीटरच्या आरशाचे क्षेत्रफळ तिच्या सतरापट भरते. तिथून घेतलेल्या, याच दीर्घिकेतल्या ५१ तेजोमेघांच्या वर्णपटांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दर १०,००० हायड्रोजन अणूंमागे ऑक्सिजनचे साधारण ३ अणू निघाले. सूर्यात ते ५ च्या घरात आहेत. केंद्रापासून दूर जाताना प्रमाणात ठळक उतार आढळला नाही. अर्थात, मोजता आले ते तेजस्वीच तेजोमेघ. त्यामुळे हा आकडा साऱ्या दीर्घिकेची सरासरी मानता येत नाही.